अव्वाच्या मांडीवरची जागा

सोजर,

तू गेलीस हे मला डाव्या कानानं कळलं. नागूचा फोन आला तेव्हा सुनेनं सवयीनं रिसीव्हर माझ्या डाव्या कानाशी धरला. "मावशी, आई गेली," एवढंच म्हणाला तुझा लेक, आणि रडायला लागला. उजव्या कानाशी धरला असता तर मी आणखी चार दिवस तुझ्यावर रागावून सुखात बसले असते. तो कान मेलाय. कुणाच्या पायी मेला, यावर आपण दोघी पन्नास वर्षं भांडत आलो, आणि तू भांडण अर्ध्यात सोडून निघून गेलीस. ही तुझी जुनीच खोड.

माणूस गेलं की त्याच्याबद्दल गोडगोड बोलायचं असतं म्हणे. तुझ्या अंगणात परवा सगळी तेच करत होती. सोजरबाई देवमाणूस होती, सोजरबाईच्या हाताला गुण होता. मी एका बाजूला बसून ऐकत होते आणि माझ्या पोटात दुखत होतं. होय, मेलेल्या माणसाचासुद्धा हेवा वाटतो मला. तुझा तर मी सातव्या-आठव्या वर्षापासून करत आलेय, आता या वयात कुठं सोडू?

आणि कशाचा हेवा, तर वाहत्या कानाचा. कुणाला सांगितलं तर हसतील.

निजामाचं राज्य होतं तेव्हा. लोहाऱ्याच्या आपल्या शाळेत दोन खोल्या, पन्नासेक पोरं आणि त्यात आपण पाच पोरी. उर्दू सगळ्यांना सक्तीची. मास्तर येरझाऱ्या घालत इमला सांगायचे, म्हणजे ते बोलणार आणि आपण पाटीवर उतरवून घ्यायचं. घरात कुणी उर्दू बोलत नाही, त्यामुळं कान टवकारून ऐकल्याशिवाय काही उमगायचं नाही. आणि ज्यांना सगळ्यात कमी ऐकू यायचं, त्या पोरांनाच मास्तरांनी सगळ्यात लांब बसवलं होतं. दाराशी, उंबऱ्याच्या आत एक वळ, म्हणजे वेगळी रांग. कान फुटलेली पोरं तिथं. वास येतो, माश्या घोंगावतात, म्हणून. मास्तर दुष्ट नव्हते, पण नाक त्यांनाही होतं.

त्या वळीत कधी वाण्याचं, पाटलाचं पोर बसलेलं मला आठवत नाही. रोजानं जाणाऱ्यांची पोरं असायची, तुमच्यासारख्या धनगरांची असायची. तुझा बाप मेंढरं घेऊन आठ-आठ महिने परमुलखात. तुमचं घर म्हणजे तुराट्यांच्या कुडाचं, पावसाळ्यात भुईला ओल यायची, आणि चौघा भावंडांत एक घोंगडी. ज्या डबक्यात मेंढरं पाणी प्यायची त्यातच तुम्ही डुंबायचा. आधी नाक गळायचं, मग कान ठणकायचा, मग फुटायचा. फुटला की ठणका थांबायचा, म्हणून तुझी आई म्हणायची, "फुटला न्हवं, आता बरं वाटंल." तीन वर्षं फुटलेलाच होता तुझा कान. पोरं तुला कानफुटी म्हणायची. मीही म्हणायचे. पहिल्या ओळीत बसून, मागं वळून म्हणायचे.

तुझ्या आईनं काय कमी केलं? लसणीचं तेल घातलं, मुळ्याचा रस घातला, कुणी सांगितलं म्हणून शेळीचं मूत घातलं. हकीम दूर, आणि एक दिवस रोजगार बुडवून तिथवर जाणं तिला झेपणारं नव्हतं. मग कुणीतरी म्हणालं, बाळंतिणीच्या अंगावरचं दूध घाला. आमच्या घरी माझा भाऊ बसवंत नुकताच जन्मला होता. तुझी आई आमच्या दुकानात मीठ न्यायला आली आणि मागच्या दाराला येऊन उभी राहिली. "अक्का, पोरीचं ऐकणं चाललंय हो," म्हणाली. माझ्या अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, तिच्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "सकाळी धाड तिला. शाळेच्या आधी."

तिथून माझा घात सुरू झाला.

अव्वा कशी होती ते तुला सांगायला नको, पण माझ्या नातवंडांनी हे वाचलं तर त्यांना कळावं म्हणून लिहिते. आम्ही लिंगायत, घरात कानडी आणि मराठी दोन्ही. अव्वा दोन्हीत कमी बोलायची. पहाटे उठायची, लिंगपूजा करायची आणि कामाला लागायची. जाता-येता पोरांना कुरवाळणं तिच्या स्वभावात नव्हतं. वेणी घालतानासुद्धा मान सरळ करायला एक टप्पल. मांडी मिळायची ती दूध पित्या पोरापुरती, आणि ती आता बसवंतची होती. त्याचं मला वाईट वाटलं नाही. तो लहान होता, त्याचा हक्क होता.

पण तू? तू कोण लागून गेलीस?

दुसऱ्या दिवशी तू आलीस. मागच्या पडवीत कोवळं ऊन यायचं, तिथं अव्वा पाय दुमडून बसली. डाव्या मांडीवर बसवंत. "इल्ली बा," म्हणाली ती तुला, म्हणजे इकडं ये, आणि उजवी मांडी थोपटली. तू डोकं ठेवलंस. तुझ्या केसांत मेंढरांचा वास, कानातनं पू. अव्वानं तोंड वाकडं केलं नाही. बाबांचं जुनं धुतलेलं धोतर फाडून तिनं चिंध्या करून ठेवल्या होत्या. एक चिंधी वळून वात केली, हळूच कानात फिरवली, टाकली. दुसरी केली. तिसरी केली. वात कोरडी बाहेर येईपर्यंत ती थांबायची नाही. मग अंगावरच्या दुधाचे तीन थेंब, आणि वर आपला तळहात झाकून ती शांत बसून राहायची. वाकली की तिच्या गळ्यातली लिंगाची चांदीची डबी तुझ्या गालाला लागायची. तू डोळे मिटून घ्यायचीस. चेहऱ्यावर असं सुख की मला वाटायचं, जावं आणि हिची झिंजी धरून उठवावं.

मी दाराच्या चौकटीला टेकून उभी. अव्वाला वाटायचं मी शाळेला जायला तुझी वाट बघतेय.

महिनाभर मी ते पाहिलं. मग एक दिवस म्हटलं, "अव्वा, माझा कान दुखतोय." तिनं मला उन्हात नेलं, कानाची पाळी ओढली, आत पाहिलं. "आरशासारखा स्वच्छ आहे. जा शाळेला." संपलं. तेव्हा मला समजलं की नुसतं दुखून भागत नाही, वाहायला पाहिजे. कानातून पांढरं येणारं घरात काय आहे? मी डेऱ्याशी गेले आणि बोट बुडवून ताक कानात सोडलं.

आठवतं ना तुला? तू आधीच येऊन बसली होतीस, तुझं झालं होतं. मी कान धरून, रडवेलं तोंड करून गेले. अव्वानं पाहिलं, क्षणभर थांबली, आणि उजवी मांडी थोपटली. सोजर, देवाशपथ सांगते, माझं लग्न झालं त्या दिवशी मला एवढा आनंद झाला नव्हता. डावा कान तिच्या मांडीत रुतला, उजव्यात वात फिरली, दुधाचे थेंब पडले आणि वरून तिचा तळहात. डबी माझ्या गालाला लागली. गार. मी डोळे मिटले. दोन्ही कान बंद, त्यामुळं मला काही ऐकू येत नव्हतं, पण अव्वा काहीतरी बोलली. तिचं पोट हललं ते मला गालाला जाणवलं.

शाळेला जाताना मी तुला विचारलं, "अव्वा काय म्हणाली गं?"

तू खाली बघून चालत होतीस. "ताकाचा वास येतोय म्हनली."

अव्वाला कळलं! आता मांडी गेली, वर मार बसणार. दिवसभर मला मास्तरांचा एक शब्द कळला नाही. संध्याकाळी दुकानातल्या पोत्यातला एक हरभरा उचलला. खऱ्या दुखण्याला कुणी नाव ठेवणार नव्हतं. तो मी उजव्या कानात घातला आणि करंगळीनं आत लोटला, जाईल तेवढा.

पुढचं तुलाही ठाऊक आणि मलाही. कान खरंच दुखायला लागला. वात लावली की मी किंचाळायचे, म्हणून अव्वा वात न फिरवता नुसतं दूधच टाकायची. त्या दुधानं हरभरा फुगत गेला. माझ्या आईनं मायेनं घातलेल्या थेंबांनी माझा कान आतून फुटत होता, आणि मी तिच्या मांडीवर पडून राहायचे. दुखायचं किती! पण उठवत नव्हतं. तिसऱ्या दिवशी तुला सांगितलं मी, सांगितल्याशिवाय राहवलं नाही. तुला जळवायचं होतं. "माझा कान आता तुझ्यापेक्षा जास्त फुटणार," म्हटलं. तुझ्याकडून भवानीची आण घेतली, कुणाला सांगायचं नाही म्हणून. तू आण घेतलीस, पण तोंड पांढरं पडलं होतं तुझं.

पाचव्या-सहाव्या दिवशी कान वाहायला लागला आणि मास्तरांनी मला उठवून दाराच्या वळीत बसवलं, तुझ्या शेजारी. पहिल्या ओळीतली पोरं मागं वळून म्हणाली, "कानफुटी गंगी!" तिथून मास्तरांचा आवाज म्हणजे नुसती गुणगुण. तेव्हा कळलं की तू तीन वर्षं त्या शाळेत येऊन नुसती बसत होतीस. कळलं, पण दया आली नाही. मी बघत होते की तुझा कान कोरडा दिसतोय.

आठव्या दिवशी कानामागं लालबुंद गाठ आली, ताप चढला. तू आण मोडलीस. धावत जाऊन अव्वाच्या पायावर पडलीस आणि म्हणालीस, "अक्का, तिच्या कानात हरभरा हाय."

बाजारचा दिवस होता. लाल पागोट्याचा कानमैल्या पिंपळाखाली बसायचा, त्याला बाबांनी घरी आणलं. चौघांनी मला धरलं आणि त्यानं आकड्यानं हरभरा काढला. तुकडे-तुकडे करून काढला, आणि त्याबरोबर ज्यानं ऐकायचं असतं ते सगळं निघून आलं. गाठ फुटली, ताप उतरला, मी जगले. उजवा कान गेला तो गेलाच.

अव्वानं मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती हरभऱ्याच्या त्या तुकड्यांकडं बघत राहिली आणि त्या दिवसापासून तिनं कुणाच्याच कानात दूध घातलं नाही. स्वतःच्या दुधाला भ्याली ती. माझ्याशी ती आणखी कमी बोलायला लागली. मला वाटलं, राग. मोठेपणी वाटलं, लाज. खरं काय ते देवाला माहीत.

पण तुझा कान पुसणं तिनं सोडलं नाही! रोज सकाळी तू, चिंध्या आणि उजवी मांडी. दूध बंद झालं, वाती चालू राहिल्या आणि दोन पावसाळे जाता तुझा कान खडखडीत कोरडा झाला. मास्तरांनी तुला वळीतनं उठवून पुढं बसवलं. माझी जागा मात्र बदलली नव्हती; मी दाराशी आणि तू पुढं. तू इमला बिनचूक लिहायला लागलीस. त्या सालात माझा जीव किती जळला, ते मी तुला कधी पुरतं सांगितलंच नाही. तुझी पाटी मी पाण्यात टाकली होती ते आठवतं? शेळीनं पाडली म्हणून मी सांगितलं होतं. शेळी नव्हती, सोजर.

मग रझाकारांचे दिवस आले, पोरींची शाळा बंद झाली. पोलीस ॲक्शननंतर शाळा मराठी झाली, पण तोवर तू मेंढरांमागं गेली होतीस. मी आणखी दोन इयत्ता शिकले. लोक म्हणतात, गंगाबाई शिकलेली. तुझ्याजागी मी आणि माझ्याजागी तू असतीस तर तू मास्तरीण झाली असतीस, हे मी आज कबूल करते. तू जिवंत असताना केलं नाही.

माझं लग्न उमरग्याला झालं, तुझं गावातच. आणि मग तू अव्वाची लेकच झालीस. मी सणासुदीला यायचे तेव्हा तू आमच्या पडवीत असायचीस, अव्वाच्या हाताखाली चिंध्या फाडत. वात किती घट्ट वळायची, कुठवर न्यायची, कुठं थांबायचं, सगळं तिनं तुला शिकवलं. मला म्हणाली होती एकदा, "तूही शीक." मी म्हटलं, "मला नाही असली घाण आवडत." अव्वाचे डोळे मिटले तेव्हाही तू उशाशी होतीस आणि मी एसटीत होते.

पुढं गावात सगळे म्हणायला लागले, सोजरमावशीची वात. दाराच्या वळीतली पोरं तुझ्या अंगणात यायला लागली. शाळेत डॉक्टरांचं शिबिर झालं तेव्हा त्या डॉक्टरीणबाईंनी तुला विचारलं, कानात काय घालता? तू म्हणालीस, "काय न्हाय, नुस्तं कोरडं करते आन् तुमच्याकडं धाडते." त्या म्हणाल्या, बरोबर करता, तेल-दूध काही घालायचं नाही, कोरडा ठेवायचा. म्हणजे तुझा कान दुधानं बरा झाला नव्हता, वातीनं झाला होता. तू मला हे हसत सांगितलंस. मी म्हटलं, "ती वात माझ्या अव्वाची आहे." तू म्हणालीस, "मी कुठं न्हाय म्हनते?" तुझं हेच मला सहन व्हायचं नाही. भांडायला आलेल्याला तू भांडायला काही शिल्लकच ठेवायची नाहीस.

एकाच बाबतीत तू अडून राहायचीस. मी म्हणायचे, तुझ्या पायी माझा कान गेला, आणि वर तू चहाडी केलीस म्हणून अव्वा माझ्यापासून तुटली. तू म्हणायचीस, "सांगितलं त्ये बराबरच केलं, न्हायतर मेली असतीस. उशिरा सांगितलं त्याची माफी माग म्हन, मागते." आणि खरंच हात जोडायचीस. मला वाटायचं, एवढ्याशा गोष्टीला ही बाई इतकी का वाकते? पोरगी होतीस तू, पाच दिवस गप्प बसलीस, त्यात काय एवढं? माझ्या डोक्यात कधी आलं नाही की तू माफी दुसऱ्याच कशाची मागत होतीस.

मागल्या खेपेला आले तेव्हा तू बाजेवर होतीस. अर्धी झाली होतीस, पण चहा ठेवायला सुनेला हाक मारलीस. पोरं तुझ्याकडं अजून येतात म्हणालीस, पडल्या-पडल्या पुसते म्हणालीस. मग म्हणालीस, "गंगे, त्या ताकाच्या दिशी अव्वा काय म्हनली म्हाइतंय?"

"ताकाचा वास येतोय म्हणाली. तूच तर सांगितलंस."

"म्या अर्धंच सांगितलं."

मी डावा कान तुझ्याकडं केला.

"अव्वा हासली," तू म्हणालीस. "तुझ्या कानावर हात ठिवून मला म्हनली, ताकाचा वास येतोय सोजरे. बरली बिडु. कान दुखत न्हाय तिचा, पर येऊ दे. रोज येऊ दे." तू थांबलीस, दम लागला होता. "म्या म्होरलं सांगितलंच न्हाय. मला वाटलं, भ्याली म्हंजी तू येनार न्हाईस. मांडी माझ्या एकटीची ऱ्हाईल. माज्या आईला कुटं येळ हुता गं मला मांडीवर घ्याया. मला काय ठावं, तू हरभरा घालशील?"

बरली बिडु. येऊ दे, असू दे. एवढे दोन शब्द तू त्या दिवशी मला सांगितले असतेस तर मी हरभऱ्याला हात लावला नसता.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उठले, पिशवी उचलली. "गंगे, च्या तरी घे," तू म्हणालीस. मी मागं वळून पाहिलं नाही. उमरग्याच्या गाडीत बसले ती दात-ओठ खातच. कुणाला दिवसाढवळ्या लुटतात तसं तू मला लुटलं होतंस. आणि वर पन्नास वर्षं माझ्या घरचं जेवलीस, माझ्या पोरांना न्हाऊ घातलंस!

बारा दिवस मी तुझ्याशी मनातल्या मनात भांडले. पाचव्या की सहाव्या दिवशी सून ताक घुसळत होती. त्या वासानं मला एकदम आठवलं, आणि आठवलं ते तुझं पाप नव्हे. अव्वा हसली होती. माझ्यासाठी हसली होती. माझी लबाडी तिला पहिल्याच दिवशी कळली होती आणि तरी तिनं मांडी थोपटली होती. मी जन्मभर समजत होते की मला ती मांडी चोरावी लागली. चोरावी लागलीच नव्हती. ती मला दिलेली होती. हे तूच मला सांगितलंस, सोजर, दुसरं कोण सांगणार होतं? बसवंत तेव्हा तान्हा होता, आणि अव्वा तर केव्हाच गेली. जगात ते शब्द फक्त तुझ्याजवळ होते. पचवून गेली असतीस तर कुणाला कळलं असतं?

आणि तुझी ती गोष्ट, आईला वेळ नव्हता म्हणालीस ती. मी तुझा हेवा करत चौकटीला उभी असायचे तेव्हा तू मांडीवर पडून माझा हेवा करत होतीस. मला हे कधी सुचलंच नाही. माझ्याकडं अव्वा चोवीस तास होती आणि तुझ्याकडं सकाळची अर्धी घटका. त्या अर्ध्या घटकेवर मी डोळा ठेवला.

सोमवारी येणार होते मी. चहा घ्यायला. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं, बहुतेक आधी शिव्याच दिल्या असत्या. शनिवारी नागूचा फोन आला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी तुझ्या अंगणात बसले होते. माणसं राख सावडायला गेली होती. तेवढ्यात तीन पोरं आली, ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली. त्यांना कुणी सांगितलं नसावं, की सांगूनही ती सवयीनं आली होती, कोण जाणे. तुझी सून म्हणाली, "आजी न्हाय आता, जावा घरी." ती हलली नाहीत.

मी म्हटलं, "थांबा रे." जन्मात कुणाचा कान पुसला नव्हता मी. तुझ्या पत्र्याच्या डब्यातल्या चिंध्या काढल्या, वात वळली, पहिली सैल झाली, पुन्हा वळली. पहिल्या दोघांचे कान खरंच वाहत होते. वास आला, माश्या आल्या. वात कोरडी येईपर्यंत पुसलं आणि दवाखान्यात जायचंच असं तुझ्या सुनेकडून त्यांच्या आईला निरोप धाडला.

तिसरी सहा-सात वर्षांची पोरगी होती. मांडीवर डोकं ठेवलं तिनं आणि लगेच डोळे मिटले. मी पाळी ओढून उन्हात पाहिलं. आरशासारखा स्वच्छ. सून हसून म्हणाली, "मावशी, तिला काय बी झालं न्हाय. उगंच येती रोज. आत्याबाई बी काय म्हनायच्या न्हाइत तिला."

मी वात फिरवली. कानावर तळहात ठेवला. वाकले तेव्हा माझ्या गळ्यातली डबी तिच्या गालाला लागली आणि ती आणखी आत सरकली. "बरली बिडु," मी म्हटलं. "येऊ दे रोज."

तिनं डोळे उघडले. दोन्ही कान बंद होते, तिला काही ऐकू आलं नव्हतं. "काय म्हनलीस, आजे?"

मी हात बाजूला केला. "तुझा कान दुखत नाही हे मला माहीत आहे," म्हटलं. "तरी उद्या ये."

सगळं सांगितलं मी तिला, सोजर. काही मागं ठेवलं नाही.